स्विच मोजण्याआधी वेढे मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही लाकडी तेलघाणे बनवता. घाण्याची २ एचपीची सिंगल फेज मोटार भरल्या घाण्यावर चालू होताना धापा टाकते, म्हणून तुम्ही ८/६ ची स्विच्ड रिलक्टन्स मोटार (रोटरवर ना चुंबक ना तार, स्टेटरचे पोल त्याच्या लोखंडी दातांना पाळीपाळीने ओढतात) करून घेतली आहे : स्टेटरला ८ पोल, रोटरला ६, चार फेज (एकत्र चालू होणाऱ्या पोलांच्या जोड्या), १५०० आरपीएम आणि पुढे गिअरबॉक्स. आता ड्राइव्ह, म्हणजे मोटारीला करंट पुरवणारा कन्व्हर्टर, स्वतः बनवायचा आहे. असिमेट्रिक ब्रिजला ८ आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतात, मिलरच्या ‘एन अधिक एक’ सर्किटला ५ च. तेव्हा तुम्ही विचारताय, ‘तीन आयजीबीटी वाचत असतील तर ५ चंच का करू नये, आणि कार्यक्षमतेत किती फरक पडेल?’

सरळ उत्तर : ५ चं करू नका. पण ‘कार्यक्षमता कमी होते’ हे त्याचं खरं कारण नव्हे. खरं कारण तुमच्या गावच्या व्होल्टेजमध्ये आणि मोटारीच्या वेढ्यांमध्ये आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. घाणा दिवसातून तासभर चालत असेल तर दोन-तीन टक्के कार्यक्षमतेसाठी जीव काढण्यात अर्थ नाही. दिवसाला आठ-दहा तास चालत असेल तर आहे. वर्षाला वीस ड्राइव्ह बनवणार असाल तर बाजारात सुटे मिळणारे पार्ट वापरा. हजार बनवणार असाल तर मॉड्यूलचा विचार वेगळा होतो. मी धरून चालतो की घाणा दिवसभर चालतो, नग थोडे आहेत आणि सप्लाय ग्रामीण आहे, म्हणजे कागदावर २३० व्होल्ट आणि संध्याकाळी १७०.

आता हिशोब. तो पेनाने कागदावर करा, सॉफ्टवेअर नंतर. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे. ८/६ मध्ये एका फेऱ्यात ४ गुणिले ६, म्हणजे २४ ठोके (एका फेजने दाताला एकदा ओढणं म्हणजे एक ठोका). सेकंदाला ६०० ठोके झाले. शाफ्टवर १.५ किलोवॅट हवे, म्हणून प्रत्येक ठोक्यात २.५ ज्यूल काम. (लोहातला तोटा इथे सोडून देतोय, आकडा समजण्यापुरता आहे.) पण या मोटारीला दिलेली सगळी ऊर्जा शाफ्टवर उतरत नाही. फेजमध्ये जे चुंबकीय क्षेत्र उभं राहतं, त्यातला काही भाग करंट बंद करताना परत येतो. चांगल्या सॅच्युरेट होणाऱ्या मोटारीत दिलेल्यापैकी साधारण ६५ टक्के कामी येते. म्हणजे ठोक्याला ३.८५ ज्यूल द्यायचे, २.५ वापरले जातात आणि १.३५ परत येतात. सेकंदाला ६०० वेळा १.३५ ज्यूल म्हणजे ८१० वॅट.

हे ८१० वॅट वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. या मोटारीच्या कन्व्हर्टरची सगळी भांडणं या परत येणाऱ्या ऊर्जेवरून आहेत. इंडक्शन मोटारीच्या इन्व्हर्टरमध्ये हा प्रश्न या रूपात येतच नाही. काही जण स्वस्ताई म्हणून फेजला एकच स्विच लावतात आणि परतीची ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळतात. दीड किलोवॅटच्या घाण्याला आठशे वॅटची शेगडी. तेल काढायचंय की तळण करायचंय?

असिमेट्रिक ब्रिजमध्ये प्रत्येक फेजचं वाइंडिंग दोन स्विचच्या मधोमध असतं. दोन्ही चालू केले की वाइंडिंगला पूर्ण अधिक व्होल्टेज मिळतं. वरचा बंद, खालचा चालू ठेवला की शून्य, आणि करंट खालच्या स्विचमधून व डायोडमधून फिरत राहतो. दोन्ही बंद केले की करंट दोन डायोडमधून कपॅसिटरकडे उलटा जातो, वाइंडिंगला पूर्ण उणे व्होल्टेज मिळतं आणि त्या फेजच्या वाट्याची परतीची ऊर्जा बसवर (रेक्टिफायरनंतरच्या डीसी लाइनवर) जमा होते. दोन स्विचच्या मध्ये वाइंडिंग असल्याने दोघे चुकून एकत्र चालू झाले तरी बस शॉर्ट होत नाही, डेड टाइम (एक बंद होऊन दुसरा चालू होण्यामधली सक्तीची थांबणी) लागत नाही. रात्री साडेअकराला प्रोग्राममध्ये चूक झाली तरी आयजीबीटी लगेच फुटत नाहीत, हा गुण कुठल्याच डेटाशीटमध्ये लिहिलेला नसतो.

आता तुमच्या ५ स्विचच्या सर्किटकडे येऊ. त्यात वरचा एक स्विच चारही फेजना सामायिक, खाली प्रत्येकाला एकेक. फेज ‘अ’ बंद करायची आहे आणि त्याच वेळी ‘ब’ चालू झाली आहे, तर वरचा स्विच ‘ब’साठी चालू ठेवावाच लागतो. मग ‘अ’ला उणे व्होल्टेज मिळत नाही, शून्य मिळतं. शून्यावर करंट रेंगाळतो. रोटरचा दात पोलासमोरून पुढे सरकतो आणि तो रेंगाळलेला करंट त्याला मागे ओढतो. म्हणजे मोटार स्वतःलाच ब्रेक लावते.

हे अंशांत मांडलं की नेमकं कळतं. रोटरला ६ दात, म्हणून एका फेजचं चक्र ६० अंशांचं. शेजारची फेज १५ अंशांनी चालू होते, तिच्या पलीकडची ३० अंशांनी. फ्लक्स (फेजमधलं चुंबकीय क्षेत्र) जितका वेळ बसचे +३१० व्होल्ट देऊन चढवला, जवळपास तितकाच वेळ -३१० देऊन उतरवावा लागतो. रेझिस्टन्समुळे थोडा कमी, इतकंच. असिमेट्रिक ब्रिजमध्ये चढ आणि उतार मिळून ६० अंशांत बसले की झालं, म्हणजे चढाला ३० अंशांपर्यंत मुभा. ५ स्विचमध्ये शेजारची फेज चालू व्हायच्या आत सगळं उरकायला हवं, म्हणजे एकूण १५ आणि चढाला जेमतेम साडेसात. कमी वेगात, चॉपिंग (करंट आवाक्यात ठेवायला स्विच भराभर चालू-बंद करणं) चालू असताना, उतार लवकर होतो म्हणून हे चालून जातं. टेबलावर मोटार गोड फिरते आणि आपण खूष होतो. १५०० ला नेली की टॉर्क (फिरवण्याचा जोर) गळून पडतो.

मधला मार्ग आहे ६ स्विचचा. ‘अ’ आणि ‘क’ मिळून वरचा एक स्विच, ‘ब’ आणि ‘ड’ मिळून दुसरा, खाली चार. डायोडही सहाच लागतात. एक सोडून एक अशा फेज सामायिक केल्याने मर्यादा ३० अंशांची होते, चढाला १५. हे सर्किट वाईट नाही, पंख्यासारख्या हलक्या कामाला मी ते वापरलं आहे. पण तुमच्या घाण्याला तेही नको म्हणेन, आणि इथे वेढ्यांचा मुद्दा येतो.

१५०० आरपीएमला रोटर सेकंदाला ९००० अंश फिरतो. चढाला असिमेट्रिक ब्रिजच्या ३० पैकी २२ अंश घेतले तर वेळ मिळतो २.४ मिलिसेकंद, ६ स्विचचे १५ मिळाले तर १.७. ठोक्याला ३.८५ ज्यूल ३१० व्होल्टवर द्यायचे म्हणजे साडेबारा मिलिकूलंब चार्ज. २.४ मिलिसेकंदात तो देताना सरासरी सव्वापाच अँपिअर, शिखर आठच्या आसपास. १.७ मध्ये द्यायचा तर वेढे कमी करावे लागतात, तार जाड होते, सरासरी साडेसातच्या घरात जाते आणि शिखर बारापर्यंत. म्हणजे दोन स्विच वाचवले आणि उरलेला प्रत्येक स्विच दीडपट मोठा केला. दुकानदाराच्या बिलात ‘नग’ कमी दिसतात, पण सिलिकॉनचे पैसे तितकेच जातात.

आणि आता संध्याकाळचे १७० व्होल्ट. बस ३१० वरून २४० च्या आसपास उतरते. तेवढाच फ्लक्स चढवायला १.३ पट वेळ हवा : २२ गुणिले १.३ म्हणजे साडेअठ्ठावीस अंश. असिमेट्रिक ब्रिजच्या ३० अंशांत हे बसतं. प्रोग्रामने फेज थोडी आधी चालू केली की घाणा त्याच वेगात फिरत राहतो. ६ स्विचमध्ये तुम्ही आधीच १५ च्या भिंतीला टेकलेले असता, सरकायला जागाच नाही. संध्याकाळी वेग पडणार आणि गिऱ्हाईक फोन तुम्हाला करणार. आठ स्विचचे जास्तीचे पैसे या साडेसहा अंशांसाठी आहेत असं समजा.

इतर सर्किटं झटपट सांगतो. सी-डम्पमध्ये परतीची ऊर्जा वेगळ्या कपॅसिटरवर साठवून पुन्हा बसवर आणतात. स्विचवर बसच्या दुप्पट व्होल्टेज येतं, म्हणजे १२०० व्होल्टचे पार्ट, वर एक चोक (लोखंडी गाभ्याची कॉइल). बायफायलर वाइंडिंगमध्ये स्लॉटमधली बरीच जागा परतीच्या ऊर्जेसाठी सोबत गुंडाळलेल्या दुसऱ्या तारेला जाते. तुमचा वाइंडर शिव्या देईल आणि त्याचं बरोबर असेल.

दोन कपॅसिटरमध्ये बस विभागून फेजला एकच स्विच लावायचं जे सर्किट आहे, त्याच्या मोहात मी स्वतः पडलो होतो. २३० व्होल्टला डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारा रेक्टिफायर) लावला की ते आपोआप जमतं असं वाटतं : चार स्विच, चार डायोड. त्यात फेज एका कपॅसिटरमधून ऊर्जा घेते आणि दुसऱ्यात परत टाकते. मोटार फिरत असते तोवर दोन जोड्या एकमेकींची भरपाई करतात. पण रोटर अडकला, एकच फेज १० अँपिअरवर चॉप करत राहिली, तर निम्मा वेळ करंट दुसऱ्या कपॅसिटरमध्ये घुसतो. सरासरी ५ अँपिअर, समोर ४७० मायक्रोफॅरड : मिलिसेकंदाला १० व्होल्टने चढ. मी शाफ्टला पाना लावून अडकवला होता आणि ऑसिलोस्कोपची नॉब फिरवत होतो. फट्ट आवाज झाला, टोपणाची खाच उघडली, खोलीभर तो कुबट माशासारखा वास आणि टेबलावर ओल्या कागदाच्या चिंध्या. घाणा म्हणजे मुळातच अडकणारं यंत्र. तिथे हे सर्किट नको.

तुमची लॅमिनेशन (मोटारीचे लोखंडी पत्रे) कापून झाली आहेत म्हणून ८/६ धरून बोललो. पुढच्या खेपेला १२/८ चा विचार करा. तीन फेज, फेऱ्याला ठोके तितकेच २४, आणि पूर्ण असिमेट्रिक ब्रिज ६ स्विच, ६ डायोडमध्ये होतो. म्हणजे तुमच्या सामायिक सर्किटच्या किमतीत पूर्ण मोकळीक. तोटाही सांगतो : तीन फेजमध्ये एका फेजकडून दुसरीकडे जाताना टॉर्कला पडणारा खड्डा चार फेजपेक्षा खोल असतो आणि भरल्या घाण्याला सुरुवातीला तो जाणवतो. अजून एक, इन्व्हर्टरसाठी बनणारं तयार सिक्स-पॅक मॉड्यूल (एका पेटीत सहा आयजीबीटी, वर-खाली जोडलेल्या दोघांचा एक लेग) एकट्याने या मोटारीला चालत नाही. दोन मॉड्यूल घेऊन वाइंडिंग दोन लेगच्या मध्ये लावलं तर तीन फेज होतात. निम्मे आयजीबीटी बसून राहतात, फक्त त्यांचे डायोड काम करतात. तरीही खप मोठा असल्याने कधी कधी हेच स्वस्त पडतं. चौकशी करून बघा.

मग पैसे वाचवायचे कुठे? स्विचच्या आजूबाजूला.

पहिलं म्हणजे चॉपिंग नेहमी वरच्या स्विचने करा, खालचा पूर्ण ठोकाभर चालू ठेवा. या एका निर्णयातून तीन-चार गोष्टी सुटतात. वरच्या गेटला (आयजीबीटी चालू-बंद करणाऱ्या टोकाला) वेगळा आयसोलेटेड सप्लाय न देता बूटस्ट्रॅपवर, म्हणजे दर वेळी भरून घेतलेल्या छोट्या कपॅसिटरवर, भागतं, कारण प्रत्येक चॉपला वरचा एमिटर (आयजीबीटीचं खालचं टोक) शून्य व्होल्टपर्यंत खाली येतो आणि बूटस्ट्रॅपचा कपॅसिटर भरतो. (उलट केलं, वरचा चालू ठेवून खालचा चॉप केला, तर रोटर अडकल्यावर बूटस्ट्रॅप हळूहळू रिकामा होतो आणि गेट अर्धवट उघडं राहून आयजीबीटी भाजतो.) सुरू करताना खालचे चारही स्विच काही मिलिसेकंद चालू करा. वाइंडिंगमधूनच बूटस्ट्रॅप भरून जातात. दुसरं, खालच्या प्रत्येक एमिटरखाली २० मिलिओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) लावला की चढतानाचा आणि फिरतानाचा, दोन्ही करंट त्यात दिसतात. चार हॉल करंट सेन्सरचे पैसे वाचले. तिसरं, खालचा आयजीबीटी सेकंदाला फक्त १५० वेळा स्विच होतो, म्हणून तिथे संथ पण कमी ड्रॉपचा पार्ट घ्या. वेगवान आयजीबीटी आणि चांगला अल्ट्राफास्ट डायोड फक्त वरच्या स्विचच्या जोडीला लागतो.

गेट ड्रायव्हर निवडताना एक खड्डा आहे, त्यात मी पडलो आहे. हाफ ब्रिजसाठीच्या बऱ्याच ड्रायव्हर आयसीमध्ये वरचा-खालचा एकत्र चालू होऊ नये म्हणून आतच कुलूप असतं. इथे तर दोघे एकत्रच चालू व्हायला हवेत! माझ्याकडच्या मुलाने तसे आयसी लावले आणि दोन दिवस मोटार नुसती गुणगुणत होती, जागची हलेना. दोष प्रोग्रामचा समजून आम्ही प्रोग्राम तीनदा लिहिला. आयआर२११० सारखा, दोन्ही इनपुट स्वतंत्र असलेला ड्रायव्हर घ्या.

कार्यक्षमतेचं विचारलं होतं, तर १५०० ला वेढे नीट जुळवले की चॉपिंग लागतच नाही, ठोक्याला एकच लांब पल्स. स्विचिंगचा तोटा जवळपास शून्य. दोन आयजीबीटीत साधारण २४ वॅट, डायोडमध्ये ७, पुढच्या रेक्टिफायरमध्ये १०, कंट्रोलला ५. सगळे मिळून ४५-५० वॅट, म्हणजे कन्व्हर्टर ९७ टक्क्यांच्या आसपास. वेढे चुकले आणि पूर्ण वेगातही चॉप करत बसावं लागलं तर यातला आकडा वाढतो. मोटार वाइंडरकडे आणि ड्राइव्ह इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे असं तुकड्या-तुकड्याने काम दिलं की हे हमखास होतं. इतक्या कमी उष्णतेला पंखा लावू नका. घाण्याजवळ तेलाचा तवंग आणि पेंडीची भुकटी मिळून पंख्याच्या पात्यांवर जी खळ बसते ती एकदा पाहिली की पंख्याचं नाव काढणार नाही. ॲल्युमिनियमची पेटी बंद ठेवा, पार्ट तिच्या पाठीला आवळा. त्याच भुकटीमुळे पोझिशनसाठी खाचांची चकती आणि ऑप्टो सेन्सर वापरू नका, चुंबकाची रिंग आणि हॉल सेन्सर वापरा.

ज्यात कंजुषी करू नये असा पार्ट म्हणजे बसचा कपॅसिटर. सिंगल फेजवर सेकंदाला १०० वेळा भरणं आणि मधल्या वेळात परतीची ऊर्जा झेलणं, दोन्ही त्याच्यावर. ४५० व्होल्ट, ४७० मायक्रोफॅरडचे तीन घेतले तर १०० हर्ट्झचा चढउतार २५-३० व्होल्टमध्ये राहील. पण मायक्रोफॅरडपेक्षा रिपल करंटचा (कपॅसिटर सतत झेलू शकतो त्या ये-जा करणाऱ्या करंटचा) आकडा बघा आणि त्यावरून तीन की चार ते ठरवा, १०५ अंशांचेच घ्या. दहा अंश तापमान कमी ठेवलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. रेक्टिफायरनंतर छोटा लोखंडी चोक घातला तर कपॅसिटर आणि वायरिंग दोघे दुवा देतील.

आवाजाची तक्रार येईल, या मोटारीला ती येतेच. वाइंडिंगचं व्होल्टेज एकदम + वरून - वर न नेता मध्ये थोडा वेळ शून्य ठेवून बघा. स्टेटरला बसणारा धक्का दोन हप्त्यांत वाटला जातो आणि खडखड बरीच कमी होते. ही मधली पायरी प्रत्येक फेजला हवी तेव्हा मिळणं, हेही दोन स्विच असण्याचं फळ.

आता तुमच्याकडून मला हवंय ते : पोलवर वेढे किती, तार किती गेजची, आणि रोटरचा दात पोलासमोर असताना व दोन पोलांच्या मधोमध असताना फेजचा इंडक्टन्स. मीटर नसेल तर रोटर बांधून ठेवा, कमी व्होल्टेजची एकच पल्स द्या आणि शंटवर करंटचा चढ बघा. व्होल्टेज भागिले चढाचा वेग, झाला इंडक्टन्स. समोरासमोर असताना सॅच्युरेशन कुठे लागतं ते पाहायला पल्स लांबवत न्या. एवढं कळलं की २२ अंश तुमच्या मोटारीला खरंच बसतात का ते सांगतो. आणि बोर्ड पहिल्यांदा चालू करताना डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) ४० व्होल्टवर ठेवा, सप्लायला सिरीजमध्ये २०० वॅटचा पिवळा बल्ब लावा. बल्ब मंद जरी पेटून राहिला तरी काहीतरी चुकलंय समजा, हात काढून घ्यायला वेळ मिळतो.